पिकअपचं डिझेल की पोरीच्या क्लासची फी? नागपूरकरांनो, जरा हिशेब तपासून द्या

बेसावाला | १८ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबेल, आधीच माफी.

पोरगी दहावी पास झाली. मार्क चांगले पडले, कॉलनीत पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी क्लासवाल्यांचा फोन आला. अकरावी-बारावीची फी हप्त्यांत, महिन्याला १२,५००. त्या रात्री मी घरखर्चाची वही आणि डिझेलच्या पावत्या एकत्र घेऊन बसलो. पावत्या गाडीतल्या कप्प्यात चार वर्षं कोंबलेल्या होत्या. निम्म्यांची शाई उडून नुसते पांढरे कागद राहिलेत. त्यामुळे हिशेब गेल्या चार महिन्यांचाच आहे.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, २०१८ चं मॉडेल, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, डबल कॅब. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. काटोलच्या पुढे आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे, आई-बाबा तिथंच असतात. बाग आहे म्हणून पिकअप घेतली, असं मी सगळ्यांना सांगतो.

नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. बेशाहून जाऊन-येऊन ५० किमी, महिन्यात २४ दिवस, म्हणजे १,२०० किमी. बागेत चार चकरा, एक चक्कर दीडशेची, ते ६०० किमी. बाकी गावातली कामं, बाजार, लग्नकार्य मिळून ३०० धरा. वर्धा रोडवर १२ चा एव्हरेज मिळतो, काटोलच्या बाजूला साडेबारा, आणि सीताबर्डी-महालात गाडी घातली की ९. सगळं मिळून महिन्याला १८१ लिटर. डिझेल मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरलं होतं, तेव्हापासून आपल्याकडे नव्वद-एक्याण्णवच्या आसपासच आहे. म्हणजे झाले साडेसोळा हजार.

माझा हातात येणारा पगार ७८, बायको एका पतसंस्थेत आहे, तिचा २६. एक लाख चार हजार. घराचा हप्ता २४,६००, गाडीचा १३,८०० (अजून चौदा बाकी), किराणा-दूध-गॅस १९, वीज आणि सोसायटी मिळून साडेपाच, विमे सहा, आईबाबांची औषधं चार, फोन-नेट अठराशे, बायकोच्या स्कूटीचं पेट्रोल दीड. त्यात डिझेल आणि क्लास घातला की बेरीज १,०५,२०० होते. कपडे नाहीत, आहेर नाहीत, हॉटेलात जाणं नाही, तरी बाराशे कमी पडतात.

गाडी विकून छोटी पेट्रोल गाडी घ्यावी? ठेवून वापर कमी करावा? की दात ओठ खाऊन चौदा हप्ते काढावेत? "विकून टाक" एवढंच लिहिणार असाल तर कारणही लिहा.

हिंजवडी_रिटर्न | १८ मे, रात्री ११:५२

विकून टाका. कारण: सव्वापाच मीटरची गाडी कॉलनीत लावल्यावर शेजाऱ्यांशी संबंध कसे राहतात ते मला माहीत आहे.

फुटाळा_कट्टा | १९ मे, सकाळी ७:१०

दादा विकू नका हो!! अशी गाडी पुन्हा घ्यायला गेलात तर भाव ऐकून खाली बसाल. पेंच, चिखलदरा, पावसाळ्यातले कच्चे रस्ते… हॅचबॅक घेऊन काय करणार? बाय द वे, टायर कोणते आहेत?

बेसावाला | १९ मे, सकाळी ८:०५

ऑल टेरेन. मागच्या वर्षी टाकले. सोबत पुढे लोखंडी बंपर आणि टपावर कॅरियर, त्यावर चार लाइट. पेंचला तीनदा गेलोय चार वर्षांत. तिन्ही वेळा डांबरी रस्त्यानं.

आकडेमोड्या | १९ मे, दुपारी १:३०

धागाकर्त्यांनी आकडे दिलेत हे आवडलं. लोक एरवी "गाडी फार पिते" एवढंच लिहितात, जणू आपण तिच्या माहेरी तक्रार सांगतोय.

तुमचा डिझेलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये ८४ पैसे येतो. आता समजा गाडी विकलीत आणि १७ चा एव्हरेज देणारी छोटी पेट्रोल गाडी घेतलीत. पेट्रोल १०४ धरा. २,१०० किमीला साधारण साडेबाराशे… माफ करा, साडेबारा हजारांच्या थोडं वर, १२,८४७. म्हणजे वाचले किती? ३,६२४ रुपये. एवढ्यासाठी जुनी गाडी पडेल भावात द्यायची, उरलेलं कर्ज फेडायचं, नवीन नोंदणी, नवीन विमा, आणि बहुतेक नवीन हप्ता.

आता दुसरी बाजू पहा. बुटीबोरीची १,२०० किमी म्हणजे १०० लिटर, ९,१०० रुपये. हे तुमच्या डिझेलच्या निम्म्याहून जास्त आहेत. गाडी बदलून साडेतीन हजार वाचतात आणि गाडी घरी ठेवून नऊ हजार. मी तुमच्या जागी असतो तर गाडीऐवजी रस्ता बदलला असता. बुटीबोरीतल्या बऱ्याच कंपन्यांच्या बस असतात, तुमच्या कंपनीची नाही का?

शिवाय तुम्ही टायर आणि घसारा धरलेलाच नाही. चार ऑल टेरेन टायर पन्नास हजार किमी चालले तरी किलोमीटरला रुपयाच्या आसपास तेच खातात. हे पैसे महिन्याला दिसत नाहीत, एकदम दिसतात, बहुधा दिवाळीत.

बेसावाला | १९ मे, दुपारी १:५५

बस आहे. छत्रपती चौकातून निघते, मनीषनगर करत जाते. पगारातून १,४०० कापतात. मी कधी बसलो नाही. सहा चाळीसला येते, आणि… खरं सांगू का, स्वतःच्या गाडीनं जाण्याची सवय झालीय.

संत्रावाली_बर्फी | १९ मे, दुपारी २:२०

सीएनजीचा विचार? माझ्या भावाची गाडी सीएनजीवर आहे, खूश आहे.

आकडेमोड्या | १९ मे, दुपारी २:४१

एव्हरेजच्या हिशेबात सीएनजी जिंकतो, पण नागपूरकरांनी २०२२ विसरू नये. आपल्याकडे तेव्हा पाइपलाइनचा गॅस नव्हता, एलएनजी, म्हणजे द्रवरूप केलेला गॅस, टँकरनं यायचा, आणि किलोचा भाव १२० पर्यंत गेला होता. तेव्हा देशात सगळ्यात महाग आपल्याकडे. तेव्हा पेट्रोलवाले आपल्याला हसत होते. पुढे भाव उतरला हे खरं. पण डिक्कीत सिलिंडर बसवून बागेतलं सामान कुठं भरणार, तेही बघा.

वाडीनाका | १९ मे, रात्री ९:१५

भाऊ, मी वाडीचा. घरच्या तीन गाड्या हायेत, दोन बाराचाकी अन् एक दहाचाकी. तुह्या हिशेब वाचला, पण मले वाटते तू चुकीच्या ठिकाणी बोट ठेवून राहिला.

पह्यले एव्हरेजचं. ते डॅशबोर्डावर आकडा दिसते त्याच्यावर भरोसा ठेवू नको. टाकी टू टाकी काढ. पंपावर नोझल पह्यल्यांदा कट् झाला की थांबायचं, वरून ठोकून ठोकून भरायचं नाही. किलोमीटर लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्य तं त्याच मशीनवर, तसंच पह्यल्या कटला थांबायचं. असं चार-पाच वेळा केलं की खरा एव्हरेज भेटते. आमच्या ड्रायव्हरले आम्ही हेच शिकवतो. एकदा एका पंपावर आमच्या दोनशे लिटरच्या टाकीत दोनशे बारा लिटर भरल्याची पावती भेटली होती. पंप कोणता ते सांगत नाही, पण तवापासून वही सोडली नाही.

दुसरं, तुह्ये टायर. त्या जाड नक्षीच्या टायरनं एव्हरेज कमी होणारच, डांबरावर ते रबर घासत घासत जाते. टपावरचं कॅरियर काढ, हवा अडते. अन् तो बंपर आजच्या आज काढ. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारनं राज्यांले कळवलं होतं, असे बंपर दिसले तं कारवाई करा म्हून. समोरच्याले लागते, अन् एअरबॅगच्या सेन्सरचंही काही खरं राहत नाही. वजन वेगळंच. तू तर दर महिन्याले लोखंड बुटीबोरीले नेऊन परत आणून राहिला.

तिसरं, स्पीड. वर्धा रोड मोकळा भेटला की तू शंभरानं चालवत असशील. ऐंशीवर ये. आमच्या गाडीत तं आम्ही पासष्टच्या वर जाऊच देत नाही. भरलेली बाराचाकी साडेतीन-चार देते, रिकामी पाच-साडेपाच. नागपूर ते पुणे सातशे किलोमीटर धर, ३.८ चा एव्हरेज धर, साडेसोळा-सतरा हजाराचं डिझेल. तुह्या महिनाभराचं डिझेल माही एक गाडी एका बाजूनं पिऊन टाकते. पण फरक असा की तिच्यात माल असते. डिझेलचे पैसे भाड्यात वसूल होते. रिकामी गाडी परत आणणं आमच्यात पाप समजतात. रिटर्न भाडं नाही भेटलं तं ड्रायव्हर दोन-दोन दिवस तिथंच उभा राहते, पारावर झोपते, पण रिकामा निघत नाही.

आता तू सांग. तुह्या डाल्यात, म्हंजे मांगच्या हौद्यात, काय असते?

फुटाळा_कट्टा | १९ मे, रात्री ९:३०

वाडीनाका काका 🙏 रॉकेट सायन्स.

मृगबहार | १९ मे, रात्री १०:०२

मीही संत्रावालाच, नरखेडकडचा. वाडीच्या भाऊंनी बरोबर नस पकडली. धागाकर्ते, तुमची बाग सौद्यानं जाते की स्वतः तोडून कळमन्याच्या बाजारात नेता?

आमच्याकडे दहातले आठ जण झाडावरच सौदा करतात. व्यापारी येतो, बाग बघतो, आंबिया बहार असेल तर दिवाळीच्या आगेमागे बोली करतो, बयाणा देतो. मग तोडायला मजूर त्याचे, कॅरेट त्याचे, गाडी त्याची. शेतकऱ्याच्या गाडीत फळ पडतच नाही. आणि तुम्ही स्वतः नेत असाल, तर एका कॅरेटात वीस-बावीस किलो बसतं. दोन टन न्यायला तुमची पाच सीटवाली गाडी किती चकरा मारेल? बोलेरो पिकअप १.३ आणि १.७ टनाची मिळते, भाड्यानं मागवली की दोन चकरांत काम उरकतं.

मी पिकअप विरोधक नाही, माझ्याकडं स्वतःची आहे. पण ती पिवळ्या पाटीची आहे आणि वर्षातले दोन महिने ती मला कमवून देते.

संत्रावाली_बर्फी | १९ मे, रात्री १०:२०

मग बेसावाल्यांनीही शेजाऱ्यांचा माल भाड्यानं न्यावा की! डिझेल निघेल.

वाडीनाका | १९ मे, रात्री १०:३३

नको ताई, असा सल्ला देऊ नका. पांढऱ्या पाटीवर भाडं मारलं अन् आरटीओनं धरलं तं दंड. त्याहून मोठी गोष्ट, भाड्याचा माल असताना ठोकर झाली तं इन्शुरन्सवाला हात वर करते. घरचं खत, घरचं फळ नेणं वेगळं.

बेसावाला | २० मे, रात्री १२:१५

झोप येईना, म्हणून उत्तर लिहितोय.

मृगबहार भाऊ, बाग सौद्यानंच जाते. बाबा पंधरा वर्षांपासून तसंच करतात. माझ्या गाडीत आजवर संत्री गेली ती फक्त घरची आणि पाहुण्यांची. दर वर्षी चार-पाच कॅरेट.

वाडीनाका भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मी खाली जाऊन डाला उघडून बघितला. एक वीट (चढावावर चाकाला लावायला), प्लॅस्टिकची रिकामी कॅन, मागच्या होळीचा गुलाल आणि टायरखाली घालायची एक गोणी. एवढंच.

मी ही गाडी का घेतली ते आता लिहूनच टाकतो. लहानपणी बाबा बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून काटोलला न्यायचे. मागं पाय सोडून बसायचं, धूळ अंगावर घ्यायची. नोकरीला लागल्यावर कधीतरी तसंच काहीतरी आपल्या मालकीचं असावं असं डोक्यात होतं. शोरूमसमोरून जाताना मान वळायची. बाग हे त्याचं कारण म्हणून सापडलं. बायकोला मी हे कधी सांगितलं नाही, तिला बहुतेक पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

ठरवलंय. महिनाभर एका वहीत फक्त एवढंच लिहायचं: डाल्यात काय ठेवलं, कधी, कुठून कुठं. आणि २६ तारखेपासून बस.

धरमपेठेतली | २० मे, सकाळी १०:४५

सगळे पुरुष मिळून टायर, बंपर आणि पाटीच्या रंगावर बोलताय, मी एक साधा प्रश्न विचारते. वहिनी पतसंस्थेत कशानं जातात?

स्कूटीनं. तुम्हीच लिहिलंय, पेट्रोल दीड हजार. पतसंस्था कुठंय ते लिहिलेलं नाही, पण बेशाहून गावात कुठंही जायचं तरी आठ-दहा किलोमीटर. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. आणि तुम्ही त्याच वेळी एसी लावून, एकटे, पाच सीटच्या गाडीत, लोखंडी बंपर घेऊन. घरात गाडी एकच आहे, तिचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो, आणि ती कुणासाठी निघते ते तुमच्या हिशेबातच दिसतंय. मी भांडत नाहीये, फक्त वहीत हा रकाना नव्हता म्हणून सांगितलं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी दुसरी गाडी विकून टाकली. माझे यजमान आता मेट्रोनं जातात, मी आठवड्यातून दोनदा त्यांची गाडी घेते. जगबुडी झालेली नाही.

बेसावाला | २० मे, सकाळी ११:२०

पतसंस्था महालात आहे.

बाकी काय लिहू. बरोबर आहे.

हिंजवडी_रिटर्न | २० मे, सकाळी ११:२५

धागा वाचून मी माझ्या बायकोला ऑफिसला सोडून आलो. वाकड पूल, सव्वा तास. धरमपेठेतली, तुमचे आभार मानू की नको ते संध्याकाळी सांगतो.

धरमपेठेतली | २० मे, दुपारी १२:०५

😄 बेसावाले, वहिनींना विचारा: स्कूटी उज्ज्वल नगर स्टेशनला ठेवून ऑरेंज लाइननं सीताबर्डी, तिथं उतरून ॲक्वा लाइननं चितार ओळी. तिथून महाल जवळच. उन्हाळ्यापुरतं तरी. तुमच्या बुटीबोरीपर्यंत मेट्रो अजून नाही, खापरीलाच संपते. दुसऱ्या टप्प्यात पुढं न्यायची मंजुरी आहे, पण तोवर तुमची बस.

आकडेमोड्या | २० मे, दुपारी १२:४०

+१. आणि बस नऊ हजारांची बचत करत नाही, ७,७०० ची करते. १,४०० भाडं वजा करा. उगाच कुणी नंतर म्हणायला नको.

फुटाळा_कट्टा | २१ मे, सायंकाळी ६:००

इलेक्ट्रिकचं कुणी बोललं नाही? किंवा इथेनॉल? आपल्या गडकरी साहेबांचं तर तेच चाललंय.

आकडेमोड्या | २१ मे, सायंकाळी ६:२२

पंपावर जे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं ते पेट्रोल असतं. यांची डिझेल आहे. इलेक्ट्रिक पुढची गाडी म्हणून जरूर बघावी, पण चौदा हप्ते बाकी असताना पुढच्या गाडीचं बोलणं म्हणजे पहिलीचा साखरपुडा मोडला नाही तोवर दुसरीचं स्थळ बघणं.

बेसावाला | १६ जून, रात्री १०:५०

मंडळी, वही आणली आहे.

१८ मे ते १६ जून, डाल्यात माल पडला तीन वेळा.

पहिली वेळ २४ मे. रात्री अकराला बाबांचा फोन, विहिरीतली मोटर जळली. ऐन उन्हाळ्यात झाडांना पाणी नाही म्हणजे फळगळ. पहाटे चारला निघालो. आम्ही दोघांनी आणि शेजारच्या पोट्ट्यानं मिळून दोरानं मोटर वर ओढली. पाइप काढताना बाबांचा तळहात सोलला, त्यांनी त्यावर शेतातलीच काळी माती दाबली. आईनं ते बघितलं, मातीवरून बाबांना आणि मग मला, दोघांनाही बोलली. मोटर डाल्यात टाकली, खाली जुनी गादी, बाजूनं ती टायरखाली घालायची गोणी. काटोलात रिवाइंडिंगवाल्यानं दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात. त्यानं तांब्याच्या तारा कापून बाहेर काढल्या तेव्हा काळ्या पडलेल्या वेटोळ्यांचा वास अख्ख्या गल्लीत सुटला. संध्याकाळी मोटर परत विहिरीत. त्या दिवशी ही गाडी नसती तर भाड्याचा छोटा हत्ती हजार-बाराशेत आला असता. पहाटे चारला आला असता का, ते मला सांगता येत नाही.

दुसरी वेळ १ जून. मोरचूद, चुना आणि ठिबकच्या लॅटरलची तीन बंडलं. झाडांच्या बुंध्यांना डिंक्या दिसतोय, पावसाआधी बोर्डो पेस्ट लावायची होती.

तिसरी वेळ ८ जून, शेजारच्या काकांचा कूलर खामल्याहून. भाडं घेतलं नाही, वाडीनाका भाऊ, नोंद घ्या.

बाकी सत्तावीस दिवस डाला रिकामा.

डिझेल ८८ लिटर, ८,००८ रुपये. पूर्वी साडेसोळा होते. पहिला आठवडा गाडीनंच कंपनीत गेलो, नंतर बस. बंपर आणि कॅरियर काढलं; भंगारवाल्यानं बंपरचे जे पैसे दिले ते ऐकून फुटाळा_कट्टाला वाईट वाटेल म्हणून लिहीत नाही. ऐंशीनं चालवतोय. टाकी टू टाकी काढलं तर काटोलच्या बाजूचा एव्हरेज साडेबारावरून तेरा आलाय. टायर आहेत तेच. झिजले की साधे टाकणार.

बसचं सांगतो. पाच चाळीसला उठावं लागतं. घरी यायला पूर्वी सव्वासहा व्हायचे, आता सात वाजून जातात. पहिले दोन दिवस अंग आंबलं. खिडकीतून गरम वारा येतो, मागच्या सीटवरचा एक जण मोबाइलवर मोठ्यानं कीर्तन लावतो आणि त्याला कुणी काही बोलत नाही. येताना मात्र मी खापरीच्या पुढे जागा नसतो, इतकी झोप लागते. चार वर्षं स्टिअरिंगवर होतो तेव्हा ही झोप कुठं होती कोण जाणे.

बायको आठवड्यातून तीन दिवस मेट्रोनं जाते. बाकी दिवस गाडी तू ने म्हटलं, मी तर बसनं जातो. तिनं विचारलं, "ती गाडी महालातल्या आमच्या गल्लीत शिरली तर गल्लीतले बाकीचे लोक घरी कसे जातील?" शिकायला मात्र रविवारी बसली. बेसा-पिपळ्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. माझ्यापेक्षा हळू घेते आणि क्लच कमी जाळते.

क्लासचा पहिला हप्ता भरला. गाडी विकत नाही. चौदाचे तेरा राहिले.

वाडीनाका | १६ जून, रात्री ११:०५

शाब्बास. अन् बाबांच्या हाताले डॉक्टर दाखव, माती-बिती नको. टिटॅनस घेतलं का?

बेसावाला | १६ जून, रात्री ११:१२

घेतलं भाऊ, त्याच दिवशी काटोलात. आईनं सोडलं नाही.

एक लिहायचं राहिलं. बस सुरू केल्यावर गाडी सहा-सहा दिवस कडूनिंबाखाली उभी असते. परवा शनिवारी बागेत जायला चावी फिरवली, तर इंजिनचा दिवा लागला आणि गाडी खोकायला लागली. बोनेट उघडलं. बॅटरीवर एक आंब्याची कोय, अर्धी कुरतडलेली, शेजारी वाळक्या पानांचं व्यवस्थित घरटं, आणि इंजिनकडं जाणाऱ्या दोन वायरी तुटलेल्या. उंदीर. मेकॅनिकनं २,३०० घेतले. कुणाकडं उपाय?

संत्रावाली_बर्फी | १७ जून, सकाळी ८:३०

फिनाईलच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा. पण इंजिन तापतं तिथं नको.

मृगबहार | १७ जून, सकाळी ९:००

तंबाखूची पानं. आमच्याकडे ट्रॅक्टरमध्ये तेच ठेवतो. दर महिन्याला बदलावी लागतात.

वाडीनाका | १७ जून, सकाळी ९:४०

रात्री बोनेट उघडं ठेव, उजेडात उंदीर बसत नाही. झाडाखालून काढ. अन् दोन-तीन दिवसांत एकदा चौकापर्यंत तरी फिरवून आण, वहिनीले सांग, त्यांची प्रॅक्टिस बी होईल. चालत्या गाडीत उंदीर संसार मांडत नाही.

आकडेमोड्या | १७ जून, सकाळी १०:१५

बेसावाले, हे २,३०० तुम्ही वहीत कुठल्या सदराखाली टाकलेत? डिझेलच्या बचतीतून वजा करायला हवेत.

बेसावाला | १७ जून, सकाळी १०:३१

मी "देखभाल" लिहिलं होतं. बायकोनं खोडून "पाळीव प्राणी" लिहिलंय.